रग्बीपटूंची चरित्रे आणि शब्दांकनाची मर्यादा

राष्ट्रीय संघातून खेळलेल्या थोर रग्बीपटूंवर इंग्रजीत पुस्तके विपुल असली, तरी चरित्र म्हणून त्यांतील फार थोडी टिकतात. कारण बहुतेक पुस्तके शब्दांकित आत्मकथने असतात, म्हणजे खेळाडू सांगतो आणि पत्रकार ते त्याच्याच तोंडून वदवतो. साक्षीदारानेच न्यायनिवाडा करावा, तसा हा प्रकार आहे.

चांगल्या चरित्रांच्या या दुष्काळामागे एक जुना नियमही होता. ऑगस्ट १९९५ पर्यंत रग्बी युनियन, म्हणजे पंधरा खेळाडूंच्या संघांचा खेळ, अधिकृतपणे हौशी होता आणि त्यावरील पुस्तकाचे मानधन घेणारा खेळाडू व्यावसायिक ठरून प्रशिक्षणाच्या व संघटनेच्या कामालाही मुकत असे. इंग्लंडचा कर्णधार बिल बोमाँट आणि न्यूझीलंडचा ग्रॅहम मुरी या दोघांनाही १९८२ च्या सुमारास ही शिक्षा भोगावी लागली. मुरीचे प्रकरण अधिक बोलके आहे, कारण १९८१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळण्यास नकार देऊनही त्याचे कर्णधारपद टिकले, पण पुस्तकाच्या पैशाने मात्र त्याला खेळाबाहेर काढले. साहजिकच ज्यांना पुढे प्रशिक्षक व्हायचे होते त्यांनी मौन पत्करले.

आत्मकथनाची खरी उणीव दिसते ती जॉर्ज नेपियाच्या बाबतीत. १९२४-२५ च्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ, एकही सामना हरला नाही आणि माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळनिवासी समाजातील, अवघ्या एकोणीस वर्षांच्या या फुलबॅकने, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूने, सर्व ३२ सामने खेळून काढले. तरीही १९२८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून तेथील वर्णभेदापायी माओरी खेळाडूंना वगळण्यात आले. नेपियाने १९६३ मध्ये पत्रकार टेरी मॅक्लीनच्या साहाय्याने आत्मचरित्र लिहिले, पण ज्या बैठकांत त्याचे नाव कापले गेले त्यांत तो नव्हता. बैठकांची इतिवृत्ते आणि संघटनांमधील पत्रव्यवहार चाळणे हे चरित्रकाराचे काम आहे, आणि ते स्मृतीच्या बळावर होत नाही.

व्यावसायिक काळात मानधनाचा प्रश्न मिटला आणि पुस्तकांचा पूर आला, त्यातली कित्येक निव्वळ बाजारमाल आहेत. न्यूझीलंडच्या रिची मॅकॉवचे ‘द ओपन साइड’ (२०१२) त्यांत उठून दिसते. २०११ च्या विश्वचषकात मोडक्या पायाने खेळलेल्या या कर्णधाराची हकिगत शब्दबद्ध करणारा ग्रेग मॅगी हा रग्बीच्या पुरुषी संस्कृतीवर नाटक लिहिलेला नाटककार, त्यामुळे या कामासाठी तो सर्वथा योग्य होता. त्याआधी २०१० मध्ये न्यूझीलंडचाच माजी खेळाडू जॉन कर्वन याने आपल्या नैराश्याविषयी लिहिले आणि शूर नायकाचा ठरीव साचा तडकला.

इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्प्सनच्या पुस्तकात (२०२२) मात्र आत्मकथनाचा पायाच ढासळतो. तो हूकर, म्हणजे स्क्रमच्या, अर्थात आठ-आठ धिप्पाड खेळाडूंच्या खांदाभिडू रेट्याच्या, पहिल्या फळीतला मधला खेळाडू; डोक्यावर वारंवार बसलेल्या आघातांमुळे त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला असून २००३ चा विश्वचषक जिंकल्याचेही त्याला आठवत नाही. अशा नायकाचे आयुष्य उभे करायचे तर चित्रफिती, सहकाऱ्यांच्या साक्षी आणि वैद्यकीय नोंदी यांनाच शरण जावे लागते. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी रग्बी संघटनांविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा लावला आहे, आणि हौशी काळापासून टाळले गेलेले चरित्रकाराचे काम आता वकील व डॉक्टर करू लागले आहेत.