'हे गाणे कुणाचे?' : एक चाल, अनेक दावेदार

प्रस्तावना

एखाद्या गाजलेल्या गाण्यावरचा माहितीपट साधारणपणे ठरलेल्या क्रमाने पुढे जातो. गाणे कोणी लिहिले, चाल कोणी लावली, ध्वनिमुद्रण कुठे झाले आणि पुढच्या पिढ्यांनी ते कसे स्वीकारले, हे त्यात सांगितले जाते. बल्गेरियन दिग्दर्शिका अदेला पेएवा यांच्या 'हे गाणे कुणाचे?' (२००३) या सुमारे ७० मिनिटांच्या माहितीपटाला हा क्रम वापरता येत नाही, कारण त्यातल्या गाण्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. या पाठात आपण दोन गोष्टी तपासणार आहोत. गाण्यावरची मालकी सिद्ध करण्यासाठी लोक कोणते पुरावे देतात आणि हा माहितीपट त्या पुराव्यांकडे कसा पाहतो?

गाणे आणि माहितीपटाची रचना

तुर्कस्तानात हे गाणे 'कातिबिम' या नावाने ओळखले जाते. 'कातिब' म्हणजे लेखनिक किंवा कारकून. मराठीलाही हा अरबी शब्द परका नाही. पावसातून उस्कुदारला निघालेली एक स्त्री आणि तिचा लांब कोटातला देखणा कारकून, एवढाच गाण्याचा विषय आहे. उस्कुदार हा इस्तंबूलचा बॉस्फरसच्या आशियाई काठावरचा भाग. तुर्की संगीतात ही चाल निहावेंद या मकामातली मानतात. पाश्चात्त्य संगीतातल्या मायनर स्वरसप्तकाशी तो बराच जुळतो.

माहितीपटाची सुरुवात इस्तंबूलमधल्या एका उपाहारगृहात होते. पेएवा यांच्याबरोबर तुर्की, ग्रीक, मॅसिडोनियन आणि सर्बियन मित्र जेवायला बसले आहेत. हे गाणे सुरू होते आणि प्रत्येक जण म्हणतो, हे तर आमचे. बल्गेरियन असलेल्या पेएवा यांनाही तसेच वाटते. मग कॅमेरा घेऊन त्या तुर्कस्तान, ग्रीस, अल्बानिया, बोस्निया, मॅसिडोनिया, सर्बिया आणि बल्गेरिया असा प्रवास करतात. कुठे ते प्रेमगीत आहे, कुठे इस्लामी भक्तिगीत, कुठे लष्करी कूच, तर कुठे क्रांतिगीत. प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळे आणि चाल ओळखीची.

पुरावा म्हणून काय दिले जाते?

पेएवा यांना भेटणारे लोक मुख्यतः तीन प्रकारचे पुरावे देतात. पहिला स्थळाचा : तुर्की शब्दांत उस्कुदारचे नाव येते, म्हणून गाणे तिथले. दुसरा व्यक्तीचा : दक्षिण सर्बियातल्या व्रान्ये गावी हे गाणे कोश्ताना या रोमा गायिकेशी जोडले जाते. बोरा स्तान्कोविच यांच्या नाटकामुळे ती सर्बियात सर्वांना माहीत आहे. तिसरा पुरावा आठवणीचा : आमच्या घरात, आमच्या गावात हे पूर्वीपासून म्हणतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या तिन्हींतली उणीव लगेच दिसेल. ते गाणे तिथे गायले जात होते, एवढेच या पुराव्यांवरून कळते. ते तिथे जन्मले, असे त्यांतून सिद्ध होत नाही. खुद्द तुर्कस्तानातही एक वेगळी कथा प्रचलित आहे : क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–१८५६) उस्कुदारला आलेल्या स्कॉटिश सैनिकांनी ही चाल आणली. ती खरी असो वा नसो, स्थळाच्या नावावरून चालीचे मूळ ठरवता येत नाही हे तिच्यावरून लक्षात येते.

व्रान्येचा प्रसंग

माहितीपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग व्रान्येत घडतो. स्थानिक लोक आपुलकीने गाणे म्हणतात, पाहुणीचे स्वागत करतात. त्यानंतर पेएवा त्यांना बोस्नियातली आवृत्ती ऐकवतात. त्याच चालीवर आता मुस्लिम धार्मिक शब्द आहेत. वातावरण क्षणात बदलते. चोरीचा आरोप होतो, पेएवा मुद्दाम डिवचत आहेत असे म्हटले जाते आणि माणसे उठून जातात. पुढे बल्गेरियाच्या स्त्रान्जा भागात १९०३ च्या ऑटोमनविरोधी उठावाच्या स्मृतिसोहळ्यातही असेच घडते. तिथे हे उठावाचे गाणे आहे. ते तुर्की असेल असे सुचवताच पेएवा यांना धमक्या ऐकाव्या लागतात.

या दोन्ही प्रसंगांतला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गाणे होते, तेव्हा लोक आनंदात असतात. मालकीचा प्रश्न त्यानंतर येतो आणि राग त्या प्रश्नाबरोबर येतो. गाणे इतकी वर्षे शेजारच्या देशात गायले जात असूनही या लोकांचे काही बिघडलेले नव्हते. 'कुणाचे?' असे विचारल्यावर मात्र उत्तर देणे भाग पडते आणि उत्तर देताना माणूस एखाद्या राष्ट्राच्या वा धर्माच्या वतीने बोलू लागतो. हा या माहितीपटाचा खरा शोध आहे, आणि तो निवेदनापेक्षा चेहऱ्यांमधून अधिक स्पष्ट होतो.

याच ठिकाणी एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. ती ध्वनिफीत पेएवा यांनीच लावली. बोस्नियातले युद्ध १९९५ मध्ये संपले होते. ज्या समाजाच्या जखमा ताज्या आहेत, तिथे असा प्रयोग करणाऱ्या दिग्दर्शिकेला केवळ साक्षीदार म्हणता येणार नाही. शेवटी त्या कबूल करतात की हे गाणे लोकांना जोडेल अशी त्यांची आशा होती आणि द्वेषाची ठिणगी इतक्या सहज पेटेल असे वाटले नव्हते. ही कबुली प्रामाणिक आहे, पण त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाचा त्या ठिणगीत किती वाटा होता, याचा विचार तीत पुरेसा होत नाही.

मर्यादा

पहिली मर्यादा ऐतिहासिक आहे. बाल्कन प्रदेशाचा मोठा भाग अनेक शतके ऑटोमन सत्तेखाली होता. सैनिक, व्यापारी, दरवेश आणि रोमा वादक एकाच साम्राज्यात फिरत होते, त्यामुळे चालीही फिरत होत्या. राष्ट्रांच्या सीमा त्यानंतर आखल्या गेल्या. ही पार्श्वभूमी माहितीपटात फारशी उलगडत नाही. परिणामी बाहेरच्या प्रेक्षकाला वाटू शकते की हे लोक मुळातच भांडखोर आहेत. मारिया तोदोरोवा यांनी 'इमॅजिनिंग द बाल्कन्स' (१९९७) या ग्रंथात पाश्चात्त्यांच्या नेमक्या याच साचेबंद दृष्टीची चिकित्सा केली आहे.

दुसरी मर्यादा सांगीतिक आहे. शीर्षकातला 'गाणे' हा शब्द दोन गोष्टी एकत्र करतो : शब्द आणि चाल. जुन्या मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर ते कोणत्या गाण्याच्या चालीवर आहे हे छापलेले असे. पद नाटककाराचे, चाल दुसरीकडून आलेली, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही, असा तो रिवाज होता. हा भेद लक्षात घेतला तर व्रान्येतला दावा आणि सारायेव्होतला दावा एकाच वेळी खरे ठरू शकतात. शब्द त्यांचे आहेत, चाल सर्वांची आहे. आवृत्त्यांची शेजारी शेजारी तुलना करून लय कुठे बदलली, कोणते स्वर टिकले हे दाखवले असते, तर माहितीपटाला वादापलीकडे जाता आले असते.

भारतीय संदर्भ

ही चाल आपल्याकडेही आली आहे. काझी नजरुल इस्लाम (१८९९–१९७६) यांनी तिच्यावर दोन बंगाली गाणी रचली. 'त्रिभुबनेर प्रिय मोहम्मद' हे पैगंबरांची स्तुती करणारे आहे, तर 'शुकनो पातार नूपुर पाये' हे निसर्गाचे. भक्तिगीत आणि निसर्गगीत एकाच कवीने एकाच चालीत बसवले. बाल्कनमध्ये जे दोन शेजाऱ्यांना एकमेकांच्या विरोधात उभे करते, ते इथे एका माणसाच्या रचनेत सुखाने नांदते. यावरून आपण अधिक उदार आहोत असा निष्कर्ष काढू नये. खाद्यपदार्थ, भाषा, पेहराव यांच्या 'मूळ' मालकीवरून आपल्या राज्याराज्यांतही वाद होतातच.

सारांश

'हे गाणे कुणाचे?' आपल्या शीर्षकाचे उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रश्न विचारल्यावर माणसे कशी बदलतात हे दाखवणे ही त्याची ताकद आहे. इतिहास आणि संगीत यांचे विश्लेषण अपुरे राहते, ही त्याची उणीव आहे. माहितीपट पाहताना उत्तरांइतकेच विचारणाऱ्याकडेही लक्ष द्यावे, हे या अभ्यासातून शिकता येते.

स्वाध्याय

१. स्थळ, व्यक्ती आणि आठवण या तीन पुराव्यांपैकी तुम्हाला सर्वांत सबळ कोणता वाटतो? कारणे द्या.
२. व्रान्येत दुसरी आवृत्ती ऐकवणे योग्य होते का? दिग्दर्शकाच्या जबाबदारीच्या संदर्भात चर्चा करा.
३. तुमच्या भाषेत एकाच चालीवर वेगवेगळ्या शब्दांची गाणी आहेत का? दोन उदाहरणे मिळवून त्यांची तुलना करा.