विनंती, शिफारस आणि हुकूम : मुंबई कायदेकौन्सिल व करवीर संस्थान यांच्या संदर्भात अर्जांच्या भाषेचे समीक्षण (१८९४–१९२९)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सभा, परिषदा, भाषणे व चळवळी यांच्या अनुषंगाने झालेले आहे. याच काळात प्रजाजनांनी सरकारदरबारी धाडलेले अर्ज, विनंतीपत्रे आणि निवेदने यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत येतो. परंतु तो बहुधा तळटीपेपुरता असतो. अर्ज म्हणजे चळवळीपूर्वीची बाल्यावस्था, असे एक गृहीतक त्यामागे आहे. नेमस्तांच्या राजकारणाची 'भिक्षांदेही' म्हणून जी संभावना जहालांनी केली, तिची छाया आपल्या इतिहासलेखनावर अद्यापही आहे.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. अर्ज हा केवळ कागद नसून ती एक भाषिक व राजकीय कृती आहे. तिचे मूल्यमापन अर्ज मंजूर झाला की नामंजूर, एवढ्यावरून करता येत नाही. अर्ज कोणी लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला, तो सभागृहाच्या कामकाजात कोणत्या रूपाने शिरला आणि तेथून गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचला काय, हा सर्व प्रवास पाहावा लागतो. दक्षिण महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रवास तपासण्यास मुंबई कायदेकौन्सिल व करवीर संस्थान ही दोन शेजारची, परंतु भिन्न प्रकृतीची क्षेत्रे उपलब्ध आहेत. या दोहोंतील भाषाव्यवहाराची तुलना हा प्रस्तुत विवेचनाचा गाभा होय.

अर्ज आणि सभागृह : तुलनात्मक पार्श्वभूमी

अर्ज करण्याचा हक्क आणि अर्जाची दखल घेण्याचे बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने नागरिकांना गाऱ्हाण्यांच्या निवारणार्थ अर्ज करण्याचा हक्क दिला. तथापि गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच होऊ नये, असे नियम तेथील प्रतिनिधिगृहाने १८३६ ते १८४४ या काळात लागू ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी असे नियम नव्हते. सदस्याने सादर केलेल्या अर्जाची नोंद होत असे आणि तो संबंधित समितीकडे जात असे. पण नोंद म्हणजे चर्चा नव्हे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१० मध्ये चार लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे सादर झाला; घटनादुरुस्ती मात्र काँग्रेसने १९१९ मध्ये संमत केली व ती १९२० मध्ये अमलात आली. हक्क लिखित असूनही सभागृहाच्या कामकाजात अर्ज कसा थिजून राहतो, याचे हे उदाहरण आहे.

हिंदुस्थानात परिस्थिती याहून प्रतिकूल होती. पुण्याची सार्वजनिक सभा (स्थापना २ एप्रिल १८७०) हिने प्रजेची मुखत्यारी घेऊन सरकारकडे अर्ज करण्याचा प्रघात पाडला; १८७५ मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी असावेत, अशी विनंती कॉमन्स सभेस केली. परंतु येथील कायदेमंडळांकडे थेट अर्ज करण्याची रीतसर व्यवस्था नव्हती. १९२१ मध्ये तत्कालीन कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये यासंबंधी ठराव मांडला गेला आणि २० फेब्रुवारी १९२४ रोजी केंद्रीय कायदेमंडळात सार्वजनिक अर्जांसाठी पहिली समिती नेमण्यात आली. तोवर प्रजेचा अर्ज गव्हर्नर, व्हाइसरॉय अथवा भारतमंत्री यांच्याकडे, म्हणजे कार्यकारी सत्तेकडेच जात असे. ज्याच्या कारभाराबद्दल गाऱ्हाणे, त्याच्याच दारी ते मांडावयाचे, असा हा प्रकार होता.

विनंतीची भाषा : वलंगकर ते शिवराम जानबा कांबळे

'भिक्षांदेही' ही टीका ज्यांच्यासंबंधी केली गेली, ते वकील, संपादक व प्राध्यापक होते. सरकारदरबारी प्रवेश ही त्यांच्या दृष्टीने सामान्य बाब होती. ज्यांना गावच्या चावडीची पायरीही वर्ज्य होती, त्यांनी सरकारला उद्देशून लेखी मागणी करणे ही कृती मात्र निराळ्या मोलाची ठरते. तिला याचनेच्या एकाच मापाने मोजणे हा समीक्षेतील दृष्टिदोष होय.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अस्पृश्यांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी, यासाठी विनंतीपत्र तयार केले. त्यातील युक्तिवादाचा आधार इतिहास हा होता. आज अस्पृश्य गणले जाणारे लोक मूळचे क्षत्रिय होत, अशी त्याची मांडणी आहे. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना जे निवेदन धाडण्यात आले, त्याची मांडणी याहून वेगळी आहे. मागणी वरवर अत्यंत माफक होती : पोलिसात आणि लष्करात शिपाई म्हणून, सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर प्रवेश मिळावा. उच्च राजकीय अधिकारांची आकांक्षा आम्हास नाही, असेही त्यात नम्रपणे नमूद आहे. परंतु त्याच निवेदनात, आम्ही आमच्या देशबांधवांपेक्षा स्वभावतः कमी प्रतीचे नाही, हे विधानही येते.

या दोन विधानांतील ताण लक्षात घेणे आवश्यक आहे. मागणी नम्र, पण तिचा पाया समतेचा. स्वर आर्जवाचा, पण तर्क हक्काचा. वलंगकरांच्या पत्रात योग्यता पूर्वजांच्या क्षत्रियत्वातून सिद्ध करावी लागते. सोळा वर्षांनंतरच्या निवेदनात पूर्वपराक्रमाची आठवण असली, तरी योग्यतेचा मुख्य आधार माणूसपण हा आहे. हा बदल कोणत्याही परिषदेतील भाषणाइतकाच महत्त्वाचा आहे. १९१७ मध्ये महायुद्धाच्या निकडीपोटी महार पलटण उभी राहिली आणि युद्धोत्तर काळात ती मोडण्यात आली. जे निकडीपोटी दिले जाते ते निकड सरताच काढून घेतले जाते, हा धडा या प्रकरणातून मिळाला. अर्जामागे सभागृहातील आवाज नसेल तर त्याचे फलित टिकत नाही, ही जाणीव पुढील मागण्यांत स्पष्टपणे दिसते.

अर्जाचा आकृतिबंध मात्र स्वतः कोणाच्याही बाजूचा नसतो. वेदोक्त प्रकरणात वतन जप्त झाल्यावर कोल्हापूरच्या राजोपाध्यांनी पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार व पुढे हिंदुस्थान सरकार यांच्यापर्यंत अर्ज केले आणि ते फेटाळले गेले. म्हणजे विशेषाधिकार राखण्यासाठीही अर्ज होत होते. म्हणून 'अर्ज हे दुर्बलांचे शस्त्र' हे सुटसुटीत सूत्रही टिकणारे नाही. अर्जाचे राजकारण त्याच्या आशयावरून आणि अर्जदाराच्या स्थानावरूनच ठरविले पाहिजे.

शिफारसीची भाषा : बोले यांचा ठराव

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली व राजर्षी शाहू छत्रपतींच्या उपस्थितीत जी परिषद झाली, तिच्या ठरावांत कायदेमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी होती. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. अस्पृश्यवर्गाच्या वाट्यास मात्र सरकारनियुक्त सदस्यत्व आले व डी. डी. घोलप यांची त्या जागी नेमणूक झाली.

अशा सभागृहात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यवर्गास वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने त्याच्या अंमलबजावणीसाठी खातेप्रमुखांना आदेश दिले.

या ठरावाचा गौरव आजवर पुष्कळ झाला आहे व तो यथार्थ आहे. परंतु त्याच्या भाषेकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ठरावाचे क्रियापद 'शिफारस करणे' हे आहे. द्विदल राज्यपद्धतीत कौन्सिलचा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. म्हणजे प्रजेने सरकारपुढे जे करावयाचे तेच सभागृह सरकारपुढे करीत होते. अर्जदार बदलला, अर्ज राहिलाच. पुढे सरकारनेही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत स्थानिक संस्थांना त्याच्या स्वीकाराचा सल्ला दिला. अशा रीतीने विनंतीची शिफारस झाली, शिफारशीचा सल्ला झाला आणि सल्ला मानणे न मानणे नगरपालिकेच्या मर्जीवर आले.

५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला. जी स्थानिक मंडळे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, असे त्यात सुचविलेले होते. विनंतीच्या जागी अट आली, ही त्यातील प्रगती होय. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केलेले होते; तरी पाण्याला हात लावण्याचे धाडस प्रत्यक्ष २० मार्च १९२७ रोजीच्या सत्याग्रहातच झाले. त्यानंतर नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांचा पहिला ठराव संमत झाल्याच्या चौथ्या वर्षदिनी, आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. तो निर्णयही, वहिवाट अनादिकालापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर उभा होता. संमत झालेला ठराव, झालेला सत्याग्रह आणि मिळालेला निकाल यांमध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे.

येथे एक सर्वमान्य समज तपासून पाहावा लागतो. महाडचा सत्याग्रह हा अर्जांच्या मार्गाचा त्याग होता, असे सांगितले जाते. वस्तुतः तो कौन्सिलच्या ठरावाची अंमलबजावणी होता. कायदेशीर मार्गाने मिळालेले वचन लोकांनी स्वतःच्या ओंजळीने वसूल केले. अर्ज आणि सत्याग्रह यांना परस्परविरोधी कप्प्यांत टाकणारे इतिहासलेखन हा दुवा हरवून बसते.

हुकुमाची भाषा : करवीरचा अनुभव

याच प्रश्नावर करवीर संस्थानात काय घडले? २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१८ मध्ये महार वतने खालसा करून जमिनी रयतावा करण्यात आल्या. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने येथे विटाळ न मानण्याविषयी आज्ञा झाल्या. म्हणजे मुंबई कौन्सिलने ज्याची शिफारस केली त्याचा हुकूम कोल्हापुरात चार वर्षे आधीच निघालेला होता.

महार वतनाच्या बाबतीत तर अंतर अधिकच मोठे आहे. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. विनंती, शिफारस व अट यांच्यापुढे जाऊन ही मागणी कलमांच्या भाषेत आली होती. विधेयक प्रवर समितीकडे गेले. सरकारी विरोधामुळे त्याचे स्वरूप पालटू लागले आणि २४ जुलै १९२९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते मागे घेतले. ही वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. करवीरच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी!

यावरून हुकूम हा शिफारशीपेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. शाहूविषयक लेखनात तो अनेकदा काढलाही जातो. परंतु हुकुमाच्या भाषेत प्रजेचा आवाज कोठे असतो? छत्रपतींच्या आज्ञा करवीर सरकारच्या गॅझेटात मिळतात. त्या आज्ञेमागे कोणाचे गाऱ्हाणे होते, कोणाचा विरोध होता, हे सभागृहच नसल्यामुळे कार्यवृत्तात मिळत नाही. ६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे निधन झाले. राजाच्या विवेकावर उभे असलेले न्यायाचे धोरण त्याच्यामागे कितपत टिकते, हा प्रश्न त्या दिवसापासून खुला झाला. मुंबईत काम संथ होते, पण विरोधकाला आपले नाव नोंदवून विरोध करावा लागत होता. करवीरात काम वेगवान होते, पण त्याचे आयुष्य एका व्यक्तीशी बांधलेले होते. स्वतः शाहू छत्रपतींनी संस्थानाबाहेरील परिषदांत जाऊन कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाच्या मागणीस बळ दिले, याचा अर्थ या मर्यादेच्या संदर्भातही लावता येतो.

निष्कर्ष

१) दलित-बहुजन समाजाच्या अर्जांना याचनेच्या राजकारणात ढकलणे अन्यायाचे आहे. त्यांच्या बाबतीत लेखी मागणी करणे हीच नागरिकत्वाची पहिली कृती होती.

२) १८९४ ते १९२९ या काळात एकाच गाऱ्हाण्याची भाषा विनंती, शिफारस, अट व कलम अशा टप्प्यांनी बदलत गेली. प्रत्येक टप्प्यावर मागणीला बळ आले. परंतु कोणताही टप्पा आपोआप अंमलबजावणीपर्यंत गेला नाही.

३) करवीरचा हुकूम आणि मुंबईचा ठराव हे एकमेकांचे पर्याय नसून एकमेकांच्या उणिवा दाखविणारे आरसे आहेत. एकास वेग होता, दुसऱ्यास नोंद होती.

४) सभागृहाने दखल घेणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे, हे अमेरिकन व मुंबई अशा दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

महाराष्ट्र विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांत आज विनंती अर्ज समित्या आहेत. मात्र राज्यशास्त्राच्या व इतिहासाच्या आपल्या अध्यापनात अर्ज हा अभ्यासविषय म्हणून अभावानेच येतो. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी दफ्तर आहे, शाहू छत्रपतींची कागदपत्रे डॉ. विलास संगवे व डॉ. बी. डी. खणे यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली आहेत, मुंबई कौन्सिलची कार्यवृत्ते छापील स्वरूपात आहेत. ही साधने एकत्र वाचण्याचे काम महाविद्यालयीन स्तरावरही होऊ शकते. विद्यार्थ्याने एकच अर्ज घ्यावा आणि तो कोणाच्या हातून निघाला, कोणत्या टेबलावर थांबला व शेवटी कोणाच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचला, एवढे शोधावे. नेत्यांच्या चरित्रांपलीकडील इतिहास त्यातून हाती येईल.