शब्दाचा अर्थ आणि शब्दाची संगत

परकीय भाषा शिकणे म्हणजे तिच्या शब्दांचे अर्थ पाठ करणे, ही समजूत आपल्या शाळांतून इतकी खोल रुजली आहे की, तिच्याविषयी शंका काढणे हेच पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. इंग्रजीचा तास सुरू झाला की फळ्यावर एक उभी रेघ ओढली जाते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी वा हिंदी प्रतिशब्द. मुलांनी तो वहीत उतरवावा, घोकावा, आणि शनिवारच्या चाचणीत जसाच्या तसा परत करावा. प्रस्तुत लेखकाने स्वतः पंचवीस वर्षांहून अधिक काळ अशी रेघ ओढली आहे. म्हणून पुढे जी टीका येईल तिचा पहिला धनी तोच आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

या पद्धतीविषयी माझे डोळे उघडले ते नववीतील एका विद्यार्थ्यामुळे. शब्दार्थांच्या चाचणीत त्याला नेहमी पैकीच्या पैकी गुण असत. त्याने निबंधात, भाऊ सहलीला जायला तयार नव्हता या अर्थी, ‘ही डिनाइड टु गो’ असे लिहिले. मी तांबड्या शाईने ते खोडले. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. वहीत ‘रिफ्यूज’पुढे ‘नाकारणे’ होते आणि ‘डिनाय’पुढेही ‘नाकारणे’च होते. “सर, दोहोंचा अर्थ आपणच एक सांगितला होता,” एवढेच तो म्हणाला. त्याचे पाठांतर निर्दोष होते. दोष फळ्यावरच्या त्या रेघेचा होता. एखादी गोष्ट करण्यास जो तयार नसतो तो ‘रिफ्यूज’ करतो. काच आपण फोडली हे जो मान्य करीत नाही तो ‘डिनाय’ करतो. हा भेद प्रतिशब्दात दिसला नाही, पण दोन वाक्ये शेजारी शेजारी मांडताच लख्ख दिसू लागला. विशेष म्हणजे मराठीलाही हा भेद ठाऊक आहे. जाण्यास आपण नकार देतो, आरोपाचा आपण इन्कार करतो. इंग्रजी शिकविण्याच्या घाईत मी त्या मुलाची मराठीही अर्धी केली होती.

शब्दाचा अर्थ मनुष्याला कळतो तरी कसा, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. न्यायशास्त्राच्या परंपरेत शब्दाच्या शक्तीचे ज्ञान होण्याची आठ साधने सांगितली जातात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि ज्ञात पदाचे सान्निध्य. यांत कोश हे आठांपैकी केवळ एक साधन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वडील माणूस ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा ती आणतो, आणि पाहणारे मूल हळूहळू गाय कोणती व आणणे म्हणजे काय हे ताडते. व्यवहाराचे हे उदाहरण शास्त्री पिढ्यान्पिढ्या देत आले. वाक्याचा उरलेला भाग आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य, ही दोन साधने तर आजच्या भाषेत उदाहरणवाक्याचीच नावे आहेत. म्हणजे आम्ही शिक्षकांनी आठ दारांच्या घराला एकच दार ठेवले आणि मुले आत का येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावला!

शब्दाला संगत असते हे दाखविण्यास आपला ‘कडक’ हा शब्द पुरेसा आहे. ऊन कडक असते, चहा कडक असतो, मास्तर कडक असतात, इस्त्री कडक असते आणि थंडीही कडक पडते. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’, मास्तर ‘स्ट्रिक्ट’, कांजी केलेली कॉलर ‘स्टिफ’ आणि थंडी ‘बिटर’. ‘कडक म्हणजे हार्ड’ एवढेच शिकलेला मुलगा चहाला ‘हार्ड टी’ म्हणाला, तर त्याने आपल्या ज्ञानाशी पूर्ण इमान राखले असेच म्हणावे लागेल. उलट दिशेने पाहिले तर इंग्रजी ‘रन’ हा शब्द तसाच आहे. मुलगा धावतो, नळ वाहतो, यंत्र चालते, संस्था चालविली जाते. चारही ठिकाणी इंग्रजीला तो एकच शब्द पुरतो. अशा शब्दांपुढे एकेक प्रतिशब्द लिहिणे म्हणजे नदीपुढे तांब्या धरणे होय.

कोशकारांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली होती. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी कोशाचे मोठेपण केवळ व्याख्यांत नाही. ग्रंथकारांच्या लेखनातून वेचलेल्या एक लक्षाहून अधिक अवतरणांत आहे. आपल्याकडे मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. त्यात शब्दाबरोबर वाक्प्रचार व म्हणी यांची जी रेलचेल आहे, तिच्यामुळे तो आजही वाचनीय वाटतो. विसाव्या शतकात मायकेल वेस्ट यांनी ढाक्यास अध्यापन करीत असता बंगाली मुलांच्या अडचणी पाहिल्या. १९३५ साली एंडिकॉट यांच्यासह त्यांनी जो कोश काढला, त्यात सुमारे २४,००० नोंदींचे स्पष्टीकरण अवघ्या १,४९० शब्दांत केले होते. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकविताना सहकाऱ्यांसह रचलेला कोश १९४२ साली तोक्योत निघाला व १९४८ साली ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. शब्द वाक्यात कोणत्या साच्याने बसतो, हे दाखविणे हा त्याचा विशेष. पुढे १९८७ साली बर्मिंगहॅम येथे सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली कोबिल्ड कोश तयार झाला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या आणि उदाहरणे प्रत्यक्ष वापरातील भाषेतून घेतली.

हॉर्नबींची वाक्ये विद्यार्थ्यांसाठी रचलेली, सिंक्लेअरांची वेचलेली. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद अध्यापकाने निष्फळ समजू नये. वेचलेले वाक्य भाषेच्या दृष्टीने निर्धोक असते. पण ते बर्फाचे वा लंडनच्या आगगाडीचे असेल, तर इंदूरच्या मुलाला एका अनोळखी शब्दासाठी चार अनोळखी गोष्टी ओलांडाव्या लागतात. रचलेले वाक्य मुलाच्या जवळचे असते, पण रचणारा चुकला तर चूकच पाठ होते. माझ्या मते साचा कोशातून घ्यावा आणि त्यातील माणसे, वस्तू व प्रसंग आपल्या गावातून भरावेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचे बळ हेच होते की, शब्द शिकवला की तो लगेच वाक्यात राबवून घेतला जाई, आणि तोही दोन्ही भाषांतून.

आजच्या मार्गदर्शिकांतही उदाहरणवाक्ये असतात, असे कोणी म्हणेल. असतात खरी, परंतु नुकतीच माझ्या पाहण्यात आलेली एक मार्गदर्शिका (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) ‘बेनेव्होलंट’ या शब्दासाठी ‘शी इज बेनेव्होलंट’ असे वाक्य देते. त्या जागी ‘टॉल’ घाला, ‘हंग्री’ घाला, वाक्य तक्रार करीत नाही. ज्या वाक्यात कोणताही शब्द चालतो, ते कोणत्याच शब्दाचे उदाहरण नव्हे. यासाठी एक साधी कसोटी सुचवतो. शिकवायचा शब्द बोटाने झाकावा आणि उरलेल्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज येतो का ते पाहावे. ‘द बेनेव्होलंट मर्चंट पेड द फीज ऑफ पुअर चिल्ड्रन एव्हरी इयर’ या वाक्यात शब्द झाकला तरी त्या व्यापाऱ्याचा स्वभाव झाकत नाही. हीच वाक्यशेषाची शक्ती.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस या प्रश्नाची आणखी एक बाजू भेडसावते. आमच्या माळव्यात मुलाच्या घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. हिंदी मार्गदर्शिका ‘एज्युकेशन’पुढे ‘शिक्षा’ लिहिते आणि ‘एफर्ट’पुढे ‘चेष्टा’. मराठी घरातील मुलाच्या कानाला शिक्षा म्हणजे छडी आणि चेष्टा म्हणजे थट्टा! एकाकी प्रतिशब्द येथे नुसता अपुरा राहत नाही, तो फसवतो. शब्द वाक्यात आला की ही फसगत होत नाही, कारण ‘शाळेत उत्तम एज्युकेशन मिळते’ या वाक्यात छडीला जागा नसते.

म्हणून मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करावे, असे काही इंग्रजीभक्त सुचवितात. मला ते मान्य नाही. ‘बॅनियन’ म्हणजे वड, हे एका शब्दात सांगता येत असता पारंब्यांचे इंग्रजी वर्णन करीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. मूर्त वस्तूंना प्रतिशब्द पुरतो. भाव, क्रिया व गुण यांना पुरत नाही. तेथे मराठीही वाक्यातूनच आली पाहिजे. ‘शाय’, ‘अशेम्ड’ आणि ‘एम्बॅरस्ड’ या तिहींपुढे ‘लाज’ लिहिण्याऐवजी तीन प्रसंग सांगून मुलांनाच मराठी शब्द शोधावयास लावले, तेव्हा पाहुण्यांसमोर न येणारी मुलगी ‘बुजरी’, खोटे उघडकीस आलेला मुलगा ‘शरमलेला’, आणि भर सभेत नाव विसरलेले गृहस्थ ‘ओशाळलेले’, अशी उत्तरे आली. ‘ओशाळणे’ हा शब्द मात्र वर्गात एकाच मुलीला ठाऊक होता. तो तिला आजीकडून मिळाला होता. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तीस मुलांनी एक मराठी शब्द मिळविला.

तेव्हा माझी सूचना अल्प आहे. आठवड्याला पन्नास शब्दांऐवजी दहा द्यावेत. प्रत्येकाची दोन कसोटीस उतरलेली वाक्ये द्यावीत. तिसरे वाक्य मुलाने स्वतः रचावे आणि त्यातील शब्दाचे मराठी रूप त्यानेच सुचवावे. फळ्यावरची उभी रेघ मी अलीकडे ओढीत नाही. ज्याने मला वही दाखविली, तो विद्यार्थी केव्हाच शाळा सोडून गेला आहे. त्याच्या निबंदातील ती तांबडी रेघ मात्र माझ्याच खाती जमा आहे.