देव मानणाऱ्याची तक्रार

मी देव मानतो. हे आधीच सांगितलेले बरे. म्हणजे पुढच्या तक्रारीचा भलता अर्थ निघणार नाही.

परवा दौंडला बहिणीकडे दूरचित्रवाणीवरचा एक वाद पाहिला. एका नास्तिक गृहस्थांना बोलावले होते. ‘तुम्ही आईबाप तरी मानता का?’ असे दरडावून सूत्रधार उत्तराआधीच दुसरा प्रश्न फेकीत होते. दाजी खूष झाले. मला मात्र लाज वाटली. मुलाला उभे करून बोलूच न देणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणतो?

मला डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा वादसंवाद आठवला. लागूंच्या मते देव हीच मोठी अंधश्रद्धा. दाभोलकर म्हणत, समितीचा विरोध देवाला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. दोघे स्नेही, पण मतभेद श्रोत्यांपुढे उघडा ठेवीत. निकाल श्रोत्याने आपल्या मनाशी लावायचा.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. गोळी आणि आरडाओरड यांत अंतर फार आहे, हे कबूल. पण उत्तराची धास्ती दोहींत सारखीच.

शिरूरला परतल्यावर आठवीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, देव खरा आहे, तर त्याच्या बाजूनं एवढं ओरडावं का लागतं?”

मला उत्तर सुचले नाही. त्याला मी पुरते बोलू दिले, इतकेच.