नियोगी अहवाल: आंबागडच्या पायथ्याशी एक पुनर्वाचन

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका फाट्यावर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो सन १७०० च्या सुमारास बांधला. बख्त बुलंद जन्माने गोंड होता. औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लामचा स्वीकार केला, आणि पुढे नागपूर शहर वसवले तेही त्यानेच. परंतु राजा मुसलमान झाला म्हणून त्याची गोंड प्रजा मुसलमान झाली नाही. राजघराण्यानेदेखील गोंडांशी असलेली सोयरीक तोडली नाही. कालांतराने किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्याचा तुरुंग झाला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या ग्रंथाविषयी मला लिहावयाचे आहे, त्याच्या मुळाशी ह्याच डोंगरांतील माणसांसंबंधीचा एक प्रश्न आहे. गोंडाचा, उरांवाचा धर्म कोणता, आणि तो त्याने बदलला तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारावा? भंडारा जिल्हा तेव्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता व राज्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष. समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरांत त्याचे नाव निघते ते बहुधा संतापाने. इतरत्र ते निघते पुराव्यादाखल. शांतपणे वाचलेला मात्र तो दोन्हीकडे क्वचितच असतो.

प्रथम त्याच्या पद्धतीकडे पाहू. समितीने १४ जिल्हे पाहिले, ७७ केंद्रांना भेटी दिल्या, ११,३६० लोकांशी संपर्क साधला. ही मेहनत नाकारण्याचे कारण नाही. तिने ९९ प्रश्नांची एक प्रश्नावलीही काढली. तिला आलेल्या ३८५ उत्तरांपैकी ख्रिस्ती लोकांची उत्तरे अवघी ५५ होती. ह्याचा दोष एकट्या समितीवर टाकणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅथोलिक प्रतिनिधींनी आरंभी सहकार्य केले, नंतर ते काढून घेतले आणि उच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल १९५६ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. चौकशीच्या हेतूविषयी आपल्या लोकांना शंका होती व ती निराधार नव्हती. पण परिणाम असा झाला की, त्या शेकडो पानांत आपली बाजू आपल्या शब्दांत फारच थोडी उरली. समितीत वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती सदस्य होते. ते गांधीविचाराचे होते, आणि कॅथोलिक समाजाने त्यांना आपला प्रतिनिधी मानले नाही.

ग्रंथ म्हणून ह्या अहवालाचा मोठा दोष मला वेगळाच दिसतो. ज्याने धर्म बदलला तो माणूस येथे बोलतच नाही. त्याला कर्ज दिले गेले, त्याच्या मुलाला शाळेत घेतले गेले, त्याला औषध दिले गेले, त्याला फसवले गेले: प्रत्येक वाक्यात क्रिया दुसऱ्याची आणि तो नुसता कर्म. आदिवासी हा हिंदूच आहे, हे गृहीत धरताना त्याला विचारलेले दिसत नाही, आणि तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याच्या मनात काय घडले असेल, हेही जाणून घ्यावेसे समितीला वाटले नाही. बख्त बुलंदने दरबारात धर्म बदलला तेव्हा आपण त्याला राजाची निवड म्हणतो. गोंड शेतमजुराने बदलला की ते प्रलोभन ठरते. गरिबाला विवेक असूच शकत नाही, असे हे अनुमान आहे. आणि ते ख्रिस्ती माणसाइतकेच आदिवासीचाही अवमान करणारे आहे.

दुसरा दोष शिफारशींत आहे. ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हा आहे त्यांनी देश सोडावा, ही शिफारस एक वेळ राजकीय म्हणून समजून घेता येईल. परंतु सरकारच्या संमतीखेरीज धर्मप्रचाराचे साहित्य वाटू नये, अनाथालये सरकारनेच चालवावीत, अशाही सूचना येथे आहेत. त्या मान्य करायच्या तर शासनाला धर्मग्रंथांचा परीक्षक व्हावे लागेल. शिवाय अहवालाचा सारा रोख परकीयत्वावर आहे. खुद्द नागपुरात त्या वेळी आर्चबिशप होते ते युजीन डिसूझा, आणि ते भारतीय होते. ह्या वस्तुस्थितीला अहवालात मिळायला हवे होते तेवढे वजन मिळालेले नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता वकिली होईल. हिंदू देवदेवतांची टवाळी करणारी पत्रके निघत होती, हे खोटे नाही. आजारपणाचा, दुष्काळाचा, कर्जाचा उपयोग कोठेच झाला नाही, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? १९६५ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात असे सांगितले की, श्रद्धेच्या प्रसारात बळजबरीचा किंवा अप्रशस्त मनवळवणीचा अंशही नसावा, आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत ही काळजी विशेषच घ्यावी. नियोगी अहवालानंतर अवघ्या ९ वर्षांनी खुद्द ख्रिस्तसभा हे म्हणते, ह्याचा अर्थ आपण नीट लावायला हवा. तक्रार करणाऱ्या हिंदू शेजाऱ्याचे सगळेच दुःख बनावट नव्हते.

ते दुःख समजून घ्यायचे तर अहवालापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अधिक उपयोगी पडतात. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार भेट दिला. ती गाडी ह्याच भंडारा जिल्ह्यातून गेली. १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळक आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात ते परके कधीच नव्हते. येथे प्रलोभन कसले होते? उलट घर, नाती, मान, सगळेच पणाला लागले. त्याच वेळी मागे राहिलेल्या पत्नीवर कोसळलेला आकांतही तितकाच खरा होता. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या मागे फरपटत नव्हे. श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि नात्यांची वेदना ही दोन्ही सत्ये त्या पुस्तकात शेजारीशेजारी नांदतात. अहवालाला एकही नीट पेलले नाही.

मग शासनाने करावे काय? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेला शब्द मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ झाला, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. आणि टीकाकारांनी त्याला ‘निधर्मी’ करून टाकले. शब्दांच्या ह्या गोंधळात मूळ कसोटी हरवते. शासनाने धर्माच्या कारभारात हात घालावा तो नागरिकाच्या हक्कासाठी, एखाद्या समाजाला खूश करण्यासाठी किंवा धडा शिकवण्यासाठी नव्हे. सरकार हिंदूंच्याच देवळांत हात घालते, ही तक्रार आपण ऐकतो. तिच्यात तथ्यच नाही असे नाही, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण पंढरपूरचे उदाहरण पाहा. १९४७ साली साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयातही ते टिकले नाहीत. तेथे कायद्याचा लाभ सामान्य वारकऱ्याला झाला, म्हणजे हिंदूलाच. ह्याउलट आपल्याकडे पाहा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. विवाहाच्या अभंगत्वावरील आपली श्रद्धा हा निराळा विषय आहे. प्रश्न दिवाणी कायद्यातील असमानतेचा होता. अल्पसंख्याकांच्या कायद्याला हात नको म्हणून ही विषमता २००१ पर्यंत राहिली, आणि तिची झळ सोसली ती ख्रिस्ती स्त्रीने. शासनाच्या अलिप्ततेलाही कोणीतरी किंमत मोजत असते.

अहवालाची शेवटची ओळ, माझ्या मते, अहवालात नाही. तो प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दोनच वर्षांपूर्वी ह्याच भंडारा मतदारसंघाने त्यांचा पोटनिवडणुकीत पराभव केला होता. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत भवानीशंकर नियोगी हेही होते. कोणी म्हणेल, बौद्ध धर्म ह्याच मातीतला, म्हणून त्यात विसंगती नाही. तसे असेलही. परंतु निवृत्त न्यायमूर्तींना त्या दिवशी कोणी ९९ प्रश्न विचारले नाहीत, आणि ते योग्यच झाले. जे स्वातंत्र्य त्यांना सहज लाभले, तेच डोंगरातल्या गोंडालाही लाभावे, इतकेच आपले म्हणणे असू शकते.

केंद्राने ह्या शिफारशी अंमलात आणल्या नाहीत. तरी १९६८ साली मध्यप्रदेशात धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा आला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालय म्हणाले. महाराष्ट्र शासनानेही २०२५ साली अशा कायद्याच्या विचारासाठी समिती नेमली. म्हणजे हा जुना ग्रंथ अजून मिटलेला नाही. तो आपल्या तरुणांनी मुळातून वाचावा, आणि वाचताना दुसऱ्याच्या चुकांबरोबर आपल्याही चुकांखाली रेघ ओढावी.

एक प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. उद्या आपल्याच घरातला मुलगा किंवा मुलगी पूर्ण विचारांती दुसऱ्या धर्माकडे वळली, तर तिला कोणी फूस लावली, कोणी पैसे दिले, असेच आपण प्रथम विचारू ना? तसे असेल तर नियोगी समितीची प्रश्नावली आपल्याही घरात शिल्लक आहे, आणि ती आधी आपण फाडली पाहिजे. मग आपण शासनाकडे जे मागतो ते केवळ ख्रिस्ती माणसासाठी राहणार नाही. ते आंबागडच्या पायथ्याशी राहणाऱ्या हिंदू, गोंड, बौद्ध आणि मुसलमान शेजाऱ्यासाठीही असेल.