‘सामोरे जाणे’ आणि ‘उचलले जाणे’ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील अंतकाळविचार

मराठी ख्रिस्ती साहित्याची समीक्षा बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्तिकविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांच्याभोवतीच प्रामुख्याने फिरत राहिली आहे. ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, जगाचा न्याय या श्रद्धा धर्मशास्त्राच्या कक्षेतील मानून समीक्षकांनी त्या बाजूस ठेवल्या. वस्तुतः या श्रद्धा मराठीत आल्या त्या शब्दांच्या वाटेने. कोणता शब्द निवडला गेला यावर कोणता अर्थ रुजला हे ठरले. म्हणून हा प्रश्न भाषेचा आणि पर्यायाने साहित्याचाही आहे.

‘रॅप्चर’ या नावाने ओळखली जाणारी कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. महासंकटापूर्वी विश्वासू जन अकस्मात पृथ्वीवरून उचलले जातील आणि उरलेले जग विनाशाला सामोरे जाईल, ही मांडणी प्लिमथ ब्रदरेन पंथाचे जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० नंतरच्या काळात रूढ केली. स्कोफिल्डच्या टीपांसह १९०९ मध्ये छापल्या गेलेल्या बायबलने ती घरोघर पोहोचवली. पुढे ‘लेफ्ट बिहाइंड’ या सोळा खंडांच्या कादंबरीमालेने (१९९५–२००७) तिला थरारकथेचे रूप दिले. हा सगळा व्यवहार मूलतः इंग्रजीतला. मराठी प्रवचनांत व पत्रकांत तो येतो तेव्हा ‘मंडळीचे उचलले जाणे’ असा शब्दप्रयोग होतो, नाही तर ‘रॅप्चर’ हाच शब्द देवनागरीत लिहिला जातो. मराठीने या कल्पनेला अद्याप स्वतःचे नाव दिलेले नाही, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ज्या वचनावर ही कल्पना प्रामुख्याने उभी आहे ते पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायात आहे. पत्राचा प्रसंग लक्षात घेतला पाहिजे. आप्तांच्या मृत्यूने खचलेल्या माणसांचे सांत्वन करणे हा तेथील हेतू आहे, भविष्याचे वेळापत्रक देणे हा नव्हे. त्या वचनात दोन क्रिया आहेत : एक वर ओढून घेतले जाण्याची, दुसरी प्रभूला भेटण्याची. पहिलीच्या लॅटिन भाषांतरातून ‘रॅप्चर’ शब्द निघाला. दुसरीसाठी असलेला ग्रीक शब्द नगरातील लोक वेशीबाहेर जाऊन मान्यवर पाहुण्याचे स्वागत करतात व त्याला नगरात घेऊन येतात, अशा प्रसंगी वापरला जाई. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी ठळकपणे येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात कुमारी वराला भेटायला बाहेर पडतात आणि त्याच्यासह लग्नघरात शिरतात. प्रेषितांच्या कृत्यांत रोममधील बंधू पौलाला भेटायला येतात आणि त्याच्यासह रोमला परततात.

येथे मराठी भाषांतरकारांनी योजलेला ‘सामोरे’ हा शब्द विलक्षण समर्पक ठरतो. आष्टी तालुक्यातील कोणत्याही गावच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. दिंडी येते तेव्हा गाव वेशीपर्यंत सामोरे जाते. वऱ्हाड येते तेव्हा वधूपक्ष सीमांतपूजनाला जातो. सामोरे गेलेला माणूस पाहुण्याबरोबर निघून जात नाही, त्याला घेऊन घरी येतो. इंग्रजी शब्दाने पलायनावर भर दिला. मराठी शब्दाने परतीची वाट मोकळी ठेवली. या भेटीनंतर कोठे जायचे हे पौलाने स्पष्ट सांगितलेले नाही आणि अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत, हे मान्य करूनही मराठी शब्दाचा कल नाकारता येत नाही.

असाच, पण अधिक गुंतागुंतीचा प्रकार पावसाच्या रूपकाचा. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृतीची लाट आली. तेथील मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये त्या अनुभवावर इंग्रजी पुस्तिका लिहिली. त्या काळच्या जागृतीच्या वर्तुळांत ‘शेवटच्या पावसा’चे रूपक प्रिय होते : हंगामाअखेरचा पाऊस पडला, आता कापणी जवळ आली. बायबलच्या मराठीत या दोन पावसांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ म्हटले जाते. पॅलेस्टाइनमधील शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलचा, त्यामुळे महिना जुळतो. परंतु क्रम उलटतो. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला वळीव म्हणजे शेवट नव्हे. त्यानंतर मशागत, पेरणी, मृगाची वाट. पर्जन्यछायेतील ज्वारीच्या मुलखात वळवाच्या सरीने कोणी कोठार आवरायला घेत नाही, औत काढतो. भाषांतरकाराने हे हेतुतः केले असे म्हणण्याचे कारण नाही. भाषेने ते आपोआप केले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली मुक्तिसदनात होत्या. अंतकाळाची भाषा बोलण्यास त्यांच्याइतका अधिकार कोणाला असणार? तरीही त्या परिसरात विहिरी खणल्या गेल्या, मुलींना उद्योग शिकवले गेले, आणि उतारवयात रमाबाई हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामात गढून गेल्या. जग उद्या संपणार असे मानणारी व्यक्ती शब्दकोश उघडून वर्षानुवर्षे क्रियापदे तपासत बसत नाही.

टिळकांची दिशा निराळी, पण निष्कर्ष दूरचा नाही. तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलेल्या या कवीसमोर सदेह वैकुंठगमनाची कथा होतीच. ‘उचलले जाणे’ मराठीत रुजवायचे तर याहून सुपीक जमीन कोणती? परंतु १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी उभारला तो ‘देवाचा दरबार’, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा येथील, या मातीवरचा मेळा. वैकुंठगमन एका संताचे असते आणि मागे राहिलेल्यांना तो शाप देऊन जात नाही. ‘लेफ्ट बिहाइंड’मधील मागे उरलेल्यांची भीती या परंपरेला परकी आहे. त्याही आधी म. फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले होते. बळीचे राज्य यावे असे मागणारा शेतकरी स्वतः कोठे जाण्याची इच्छा करीत नाही.

अलीकडच्या प्रवचनांतील ‘रॅप्चर’ला वाचकांनी व वक्त्यांनी या परंपरेच्या कसोटीवर घासून पाहिलेले दिसत नाही. दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर यांनी पिचलेल्या माणसाला ‘येथून सुटका’ हा शब्द लवकर पटतो, आणि तो पटणे समजण्यासारखे आहे. मात्र पौलाच्या वचनात जे सांत्वन होते ते सुटकेचे नव्हते; मेलेले आणि जिवंत पुन्हा एकत्र येतील याचे होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. त्यांच्या बायबलची छपाई मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातांनी होत राहिली आणि १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले.