बैलगाडीतले डबे : 15 ऑक्टोबर 1932 ची गोष्ट पुन्हा वाचताना

दर 15 ऑक्टोबरला एक ठराविक लेख आपल्या मोबाईलवर येतो. जे. आर. डी. टाटा, कराची, एक छोटंसं पुस मॉथ विमान, टपालाची पोती आणि जुहूचं मैदान. भारतीय हवाई वाहतूक इथून सुरू झाली, असं सांगून लेख संपतो. तुम्हीही वाचला असेल. मी दरवर्षी वाचतो, आणि खरं सांगायचं तर दरवर्षी आवडतोही.

पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय. म्हणून आज या लेखाची जरा चिकित्सा करू. टाटांच्या धाडसाबद्दल मला काडीची शंका नाही. माझी तक्रार गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

या लेखांत हमखास एक वाक्य असतं : अहमदाबादला बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले आणि विमानात इंधन भरलं गेलं. लेखक इथे थोडं हसतो. कुठे बैलगाडी आणि कुठे विमान! मग पुढच्याच वाक्यात आपण जुहूला उतरतो. म्हणजे इंधनाचा थांबा ही गंमत, आणि उड्डाण ही खरी गोष्ट. माझ्या मते इथेच वाचन चुकतं.

आमच्या घोडपदेवच्या जुन्या चाळींत तो चार गॅलनचा पत्र्याचा चौकोनी डबा घरोघरी असायचा. रॉकेल संपलं की त्यात पाणी भरायचं नाहीतर तांदूळ ठेवायचे. आजी त्याला नुसतं 'डबा' म्हणायची. भरलेला डबा उचलून जिना चढलेल्या माणसाला चार गॅलन म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. साधारण 18 लिटर. पेट्रोल असेल तर तेरा किलोच्या आसपास वजन.

आता हा आकडा गोष्टीत घालून बघा. कराचीहून निघालेलं टपाल 55 पौंड, म्हणजे 25 किलो होतं असं सांगितलं जातं. दोन डबे पेट्रोल आणि अख्खं टपाल, दोन्हीचं वजन जवळपास सारखं! छोट्या विमानात हाच खरा झगडा असतो. इंधन वाढवलं की टपाल कमी करावं लागतं. टपाल वाढवलं की पल्ला घटतो. म्हणून कुठे उतरायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथे डबे विमानाच्या आधी पोचवावे लागतात.

आता नकाशा घ्या. फोनवरचाही चालेल. कराची ते मुंबई सरळ रेघ ओढली तर सुमारे 870 किलोमीटर भरतात. ही रेघ कच्छचं आखात आणि सौराष्ट्र ओलांडून शेवटी समुद्रावरून मुंबईला येते. अहमदाबादमार्गे गेलात तर आधी सुमारे 590 आणि मग 440, म्हणजे 1030 किलोमीटर. थांब्यासाठी 160 किलोमीटरचा वळसा! ताशी 100 मैलांच्या विमानाला हा तासभराचा खर्च आहे. मग तो का केला? एक तर बरीचशी वाट जमिनीवरून जाते. दुसरं म्हणजे अहमदाबाद हे टपाल देण्याघेण्याचं मोठं व्यापारी शहर. इंधन भरायला उतरायचंच आहे, तर जिथे पत्रंही आहेत तिथे उतरा.

पुढचा टप्पा बघा. मुंबईहून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. मुंबई-बेल्लारी सुमारे 610 किलोमीटर, बेल्लारी-मद्रास सुमारे 430. बेरीज करा आणि मुंबई-मद्रास सरळ अंतराशी ताडून बघा. फरक दहा किलोमीटरचाही नाही. बेल्लारी जवळजवळ रेघेवरच आहे. म्हणजे एकाच मार्गावरचे दोन थांबे दोन वेगळ्या हिशोबांनी बसतात. ठराविक लेखात मात्र दोन्ही नावं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन येतात.

आता जरा अवघड भाग. संदर्भकोष्टकांत पुस मॉथचा पल्ला 300 मैल असा आकडा सहज मिळतो. पण कराची-अहमदाबाद साधारण 365 मैल आहे. मग टाटा पोचले कसे? विद्यार्थी इथे दोनपैकी एक चूक करतात. एक तर कोष्टक खोटं म्हणून सोडून देतात, नाहीतर विसंगती दिसूनही गप्प बसतात. तुम्ही तिसरी वाट धरा. विचारा, की पल्ला ही विमानाची गोष्ट आहे की टाकीची?

उत्तर त्याच वर्षात आहे. ऑगस्ट 1932 मध्ये जिम मॉलिसन याने पुस मॉथनेच आयर्लंडहून कॅनडापर्यंत अटलांटिक ओलांडला. त्याच्या केबिनमध्ये जास्तीची टाकी बसवली होती आणि 160 गॅलनच्या आसपास इंधन होतं. जातकुळी तीच, पल्ला कितीतरी पट. म्हणजे कोष्टकातला आकडा हा ठराविक टाकी आणि ठराविक वजन धरूनच खरा असतो. ती अट सोडून आकडा उचललात तर तो तुम्हाला समुद्रात उतरवेल, प्रबंधातही!

आणखी एक तपासणी करू. सकाळी 6:35 ला ड्रिग रोडहून उड्डाण आणि दुपारी 1:50 ला जुहू, अशा वेळा सांगितल्या जातात. एकूण सव्वासात तास. अंतर सुमारे 640 मैल, ताशी 100 मैल धरले तर हवेतला वेळ 6 तास 25 मिनिटं. उरली 50 मिनिटं. तासाला सहा-सात गॅलन खर्च धरा. मुंबईपर्यंत पावणेतीन तासांचं इंधन आणि वर अर्ध्या तासाचं राखीव, तर पाच-सहा डबे लागतात. नरसाळ्यातून, गाळून, एकेक डबा ओतायचा. मधल्या वेळात टपाल उतरवायचं-चढवायचं. 50 मिनिटांत हे बसतं. म्हणजे गोष्ट आकड्यांना टिकते.

पण थांबा. 1:50 कोणत्या घड्याळात? मुंबईत 1955 पर्यंत 'बॉम्बे टाइम' वापरात होता, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. उतरण्याची वेळ त्या घड्याळातली धरली तर अहमदाबादचा थांबा, वाऱ्याचा हिशोब न धरता, जवळजवळ दीड तासाचा होतो. मग डबे वेळेवर आले होते की त्यांची वाट बघावी लागली, हा प्रश्न उभा राहतो. एका 'वाजता' या शब्दात एवढं दडलेलं असतं.

न्याय म्हणून हेही सांगतो. आर. एम. लाला यांचं 'बियाँड द लास्ट ब्लू माउंटन' (1992) हे टाटांचं चरित्र आहे. चरित्राच्या मध्यभागी माणूसच असणार, त्यात गैर काही नाही. आणि बैलगाडीचा तपशील आपल्यापर्यंत पोचला तो असल्या सांगण्यांमुळेच, हे त्यांचं ऋण आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण चरित्राची चौकट उचलून वाहतुकीचा इतिहास लिहायला बसतो. मग वैमानिक उरतो आणि ज्याने पहाटे बैल जुंपले तो नुसती गंमत होऊन जातो. तो आला नसता तर टाटा अहमदाबादलाच बसले असते. माझ्यासाठी हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांतली माणसं गोदीत आणि गोदामांत ओझी उचलण्यातच म्हातारी झाली. त्यांच्याविषयी लिहिलेलं कुठे सापडलंच, तर ते असल्या अर्ध्या वाक्यात सापडतं.

तर तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातली सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट घ्या. त्यात गंमत म्हणून आलेलं वाक्य शोधा. त्यातल्या वस्तूचं वजन काढा, अंतर मोजा, घड्याळ तपासा. गोष्ट मोडली तर तुम्हाला प्रश्न मिळाला. टिकली तर आता ती तुम्हाला नीट कळली.

आणि स्वतःचा आराखडा लिहितानाही हेच करा. पहिल्या वर्षी मी गाइडसमोर थेट कराची-मुंबई रेघ ओढून गेलो होतो. सरांनी एवढंच विचारलं, "मध्ये उतरणार कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणतं दप्तरखानं, कोणत्या महिन्यात, परवानगीचं पत्र तिथे माझ्या आधी पोचलं का, आणि काहीच मिळालं नाही तर राखीव काय? आता आराखड्याच्या पहिल्या पानावर मी हेच लिहितो. तुम्हीही लिहा. अर्ध्या तासाचं राखीव तेवढं विसरू नका.